चित्रातली बाई पाणी मागत न्हाई

गावातल्या समस्त लहानथोरांना, कानांनी ऐकू येणाऱ्यांना आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं करणाऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ज्या वर्षी पाऊस आला नाही आणि जिल्हा आला, त्या वर्षी मेक्सिको हा देश आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दुपारभर उभा होता. त्याच्या अंगात खताचं पोतं होतं. डोकं आणि हात बाहेर काढायला पोत्याला भोकं पाडली होती. कपाळाभोवती सुतळी बांधून तिच्यात कोंबडीची पिसं खोचली होती. तोंडाला काजळ फासायचंही ठरलं होतं. पण गुरुजींनी काजळाची डबी उघडली, मान तिरकी करून त्या देशाकडं बघितलं आणि डबी मिटली.

"हिला नको. ही हाय तशीच चालते."

वर्ग हसला. गुरुजीही हसले.

तो देश म्हणजे मी.

आता तुम्हीही हसा. मी हे सांगते तेव्हा पिसं कशी टोचत होती तेही करून दाखवते, पोत्यात उरलेल्या युरियानं मान कशी खाजत होती तेही. लोक पोट धरून हसतात. हसू द्यावं. हसलेला माणूस तोंड उघडं ठेवतो, आणि मग पुढची गोष्ट सरळ आत जाते.

आमचं गाव अहमदपूरच्या पुढं, कंधारच्या अलीकडं. कालपर्यंत आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले होतो, आणि एका सकाळी उठून बघितलं तर लातूर जिल्ह्यातले. विहिरी त्याच. कोरड्याच. पण बोर्ड नवे. एसटीच्या थांब्यावर, चावडीवर, शाळेवर जुनं नाव पांढऱ्या रंगानं पुसून वर निळ्या अक्षरांत लातूर लिहिलं. रंग पातळ होता. खालचं उस्मानाबाद वरती डोकावायचंच. माझी आजी म्हणायची, "नाव बदललं तर बदललं. नळ बदला की वो."

नव्या जिल्ह्याला नवी हौस असते. लातूरहून हुकूम निघाला की शाळाशाळांतून पुस्तकांचं प्रदर्शन भरवावं. एकेका केंद्राला जगाचा एकेक तुकडा वाटून दिला. शेजारच्या केंद्राला रशिया मिळाला. त्यांची चंगळ होती, कारण रशियाची पुस्तकं तेव्हा ढिगानं मिळायची. आमच्या वाट्याला लॅटिन अमेरिका आली. विषय असा होता: लॅटिन अमेरिकेचा वारसा, सर्व वयोगटांच्या वाचकांसाठी. शिवाय खाली एक ओळ होती की वारसा शक्य तेवढा जिवंत करून दाखवावा. ही ओळ लक्षात ठेवा. तिनंच घात केला.

मराठीत उतरवलेल्या पुस्तकांची पत्र्याची पेटी गुरुजींनी एसटीच्या टपावरून उतरवून घेतली आणि स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली. चढावर ते खाली उतरायचे आणि एक हात पेटीवर ठेवून सायकल ढकलायचे. लहान लेकराला नदी पार करून न्यावं तसं. हे मी मुद्दाम सांगते. गुरुजी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाचं सोपं असतं, त्याचा राग करता येतो. मला वाचायला शिकवलं ते त्यांनीच. पुस्तकाचं वेड लावलं ते त्यांनीच. मी त्यांची सगळ्यात चांगलं वाचणारी विद्यार्थिनी होते, आणि ते हे वर्गात बोलूनही दाखवायचे. फक्त एक अट होती.

अट अशी. पुस्तकाला हात लावायचा तर हात धुऊन यायचं. सगळ्यांना नाही. आम्हाला. मांगवाड्यातल्या पोरांना. आमच्या हातांना केकताडाचा वास असायचा.

आमच्याकडं शेताच्या बांधावर काटेरी टोकांची, तलवारीसारखी जाड पानं उभी असतात, ते केकताड. आमचे लोक ती पानं तोडतात, पाण्याच्या खड्ड्यात दगडाखाली दाबून कुजवतात, मग ठेचून, धुऊन त्यातला पांढरा धागा काढतात. त्याला वाक म्हणतात. त्या वाकाचे दोर वळायचे. बैलाचं दावं, विहिरीचा सोल, गाडीचा नाडा, सगळं आमच्याच हातचं. पोळ्याला अख्ख्या गावाचे बैल आमच्या दोरांनी सजायचे. आणि कुजलेल्या केकताडाचा वास आमच्या अंगाला वर्षभर यायचा.

त्या वर्षी आमचा खड्डा सरपंचांनी बुजवला. "पानी प्यायला न्हाई आन् तुमी पानी नासवून राहिलात," म्हणाले. खोटं नव्हतं. पण त्याच पाण्यावर त्यांची मोसंबीची बाग जगत होती, तेही खोटं नव्हतं. खड्डा गेला म्हणून माझी माय कच्च्या पानांवर कोरडीच लोखंडी पाती चालवून धागा सोलायची. कच्च्या केकताडाचा रस अंगाला लागला की आग होते. खाज सुटते, कातडी लाल होते, मग फोड येतात. मायचे हात त्या वर्षी कोपरापर्यंत सोलल्यासारखे दिसायचे. आणि दोर तरी घेणार कोण? लोक बैलच विकून टाकत होते. दावणी रिकाम्या पडल्या होत्या.

तर हात धुऊन यायचं. कशानं? हापशाला पाणी नव्हतं. टँकर आला तर आमच्या वस्तीकडं शेवटी यायचा, तोवर नळीतून नुसती हवा निघायची. म्हणून गुरुजींनी तोड काढली. ते पुस्तक टेबलावर उघडायचे, मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची, मी वाचायची आणि पान ते उलटायचे. पान संपलं की मी म्हणायची, "झालं, गुरुजी." ते पान उलटायचे. असं मी पेटीतलं पुस्तकामागून पुस्तक वाचलं. बाळांसाठी मोठ्या चित्रांचं होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी ठळक अक्षरांचं होतं. पेरूमधल्या डोंगरांच्या गोष्टी होत्या, ब्राझीलमधल्या नदीच्या होत्या. आणि एक पातळ पुस्तक होतं मेक्सिकोचं. त्याचं वरचं कव्हर अर्धं फाटलं होतं.

त्या पुस्तकात एका पानभर चित्र होतं. एक बाई जमिनीवर बसलीय. पुढ्यात लाकडी फळी. फळीवर केकताडाचं पान. हातात पाती. बाजूला दोरांची वेटोळी. आणि तिच्याजवळ एक मुलगी, माझ्याएवढी.

मी वाचायची थांबले. गुरुजींना वाटलं, पान झालं. त्यांनी उलटायला हात घातला.

"थांबा गुरुजी. ही माझी माय हाय."

ते हसले. "येडी का काय. ही मेक्सिकोची बाई हाय." पण मग त्यांनी चष्मा वर करून चित्र जवळ घेतलं, आणि खूप वेळ बघत राहिले.

चित्रापलीकडच्या पानावर त्या मुलीची गोष्ट होती. तिची आई दोर विकायला शहराच्या बाजारात जाते. मोठ्या दुकानाला पायऱ्या असतात. दुकानदार तिला खालच्या पायरीवरच थांबवतो. ते पान मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. मायला म्हणून दाखवलं. माय पानं सोलता सोलता ऐकत होती. ऐकून म्हणाली, "तिथं बी पायऱ्याच हायत म्हन की." आणि परत सोलू लागली. मी किती आनंदानं सांगायला गेले होते! जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखी माणसं आहेत, त्यांच्यावर पुस्तक निघतं, चकचकीत कागदावर! मायला त्यातलं एवढंच दिसलं. पायऱ्या.

गुरुजींनी मला शब्द दिला. प्रदर्शनाच्या दिवशी लातूरहून साहेब येणार, तेव्हा त्यांच्यासमोर मेक्सिकोचं पान मी वाचायचं. पुस्तक हातात धरून. त्या दिवसापुरतं हात धुवायला तांब्याभर पाणी गुरुजी स्वतःच्या घरून आणणार होते.

मला दुसरं काही नको होतं. एकदा हातात घेऊन वाचायचं होतं. एवढंच.

दवंडी द्यायचं काम माझ्या बाचं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरी. बाच्या गळ्यात हलगी, आणि आवाज असा की वेशीतून निघाला तर माळावरच्या शेळ्या माना वळवायच्या. पण त्या आवाजात बाचं स्वतःचं वाक्य कधी नसायचं. पाटलाचं असायचं, तलाठ्याचं असायचं, सरपंचाचं असायचं. घरी बा बोलायचाच नाही. आम्हाला वाटायचं, त्याचे शब्द गावातच संपतात.

गुरुजींनी त्याला दवंडी सांगितली, त्यानं एकदाच ऐकली आणि निघाला. मी मागं मागं.

"उद्या दुपारी शाळंत लातीन अमेरिका येनार हाय होऽऽ! पोरासोरांनी, बायाबापड्यांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, समद्यांनी यावं होऽऽ!"

अन् हलगी. तडाड् तडाड्.

पारावरच्या एका म्हातारीनं त्याला अडवलं. "आरं, मागल्या दुष्काळात अमेरिकेनं लाल मिलो जवारी दिली हुती. आता काय देऊन राहिली?"

"पुस्तकं, आजी."

"शिजत्यात का?"

बा हसला. मी त्याला हसताना क्वचितच पाहिलंय, म्हणून लक्षात राहिलं.

त्याच संध्याकाळी गुरुजी आमच्या वस्तीकडं आले. पहिल्यांदाच. लिंबाच्या झाडापाशी थांबले, तिथून पुढं आले नाहीत, आणि हाक मारली. "ए दवंडीवाल्याच्या बायको! उद्या तुझी फळी, पाती आन् ताजी पानं घिऊन शाळंत ये."

माय पदर सावरत उभी राहिली. "कशाला वो गुरुजी?"

"वारसा जिवंत दाखवायचाय. पुस्तकातल्या चित्रासारखं बसायचं. तसंच सोलायचं. साहेबांनी एकदा चित्र बघायचं, एकदा तुला."

मग मला म्हणाले, "पान सुनंदा वाचल. सरपंच म्हनले, त्यांची लेक वाचल. तुला त्याहून मोठं काम हाय. तू मेक्सिको हुनार."

मी लहान होते. मला ते खरंच मोठं वाटलं. वाचणारी तर कुणीही होतं, देश व्हायला मिळतं का कुणाला? मी मायला रात्रभर विचारत राहिले की मेक्सिकोला काय बोलायचं असतं. सकाळी शाळेत पोतं अंगात घातल्यावर कळलं. मेक्सिकोला काही बोलायचं नसतं.

व्हरांड्यात टेबल होतं, त्यावर पांढरी चादर. चादरीवर लॅटिन अमेरिकेहून जगभर गेलेल्या वस्तू मांडल्या होत्या. धर्माबादहून आणलेली लाल मिरची, भुईमुगाच्या शेंगा, मक्याचं कणीस, टमाटे, वाळून टणक झालेलं सीताफळ. प्रत्येकाखाली चिठ्ठी. पुस्तकं ओळीनं उभी. टेबलाच्या एका अंगाला उन्हात माय, फळीपुढं बसलेली. तिच्या मागं मी, मधूनमधून तिला पान पुरवायला. हात आपोआप पाठीमागं गेले होते. सवयच ती. आमच्या वस्तीतली बाकी माणसं फाटकाबाहेर. बा पण बाहेरच. साहेब आले की हलगी वाजवायची आणि थांबायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं.

साहेब जीपमधून आले. हलगी वाजली. थांबली.

साहेब चांगले होते, हसतमुख. एक शेंग फोडून खाल्ली, मिरचीखालची चिठ्ठी वाचली आणि चकित झाले. "म्हणजे गुरुजी, आपला ठेचा मेक्सिकोचा? आपण रोज सकाळी परदेशच खातोय की!"

सगळे हसले. सरपंच सगळ्यात मोठ्यानं.

"केकताड बी तिकडूनच आलंय साहेब," गुरुजी म्हणाले आणि मेक्सिकोचं पुस्तक उघडून धरलं. साहेबांनी चित्र बघितलं. मग मायकडं बघितलं. मग परत चित्र.

"हुबेहूब! वा! केवढा महान वारसा आहे हा. हजारो वर्षांची कला. जपली पाहिजे."

सरपंच मान हलवत होते. ज्या माणसानं आमचा खड्डा बुजवला, तो माणूस केकताडाच्या महान वारशाला मान हलवत होता. मायनं वर पाहिलं नाही. चित्रातली बाई खाली बघत होती, म्हणून तिलाही खालीच बघायला सांगितलं होतं.

साहेबांना गुलाबी सरबत आलं. काचेच्या ग्लासात, वर पाण्याचे थेंब. सुनंदा पुढं आली. नवा फ्रॉक, दोन वेण्या. पुस्तक हातात घेतलं आणि वाचू लागली. ती काही वाईट पोरगी नव्हती. घाबरली होती.

माय मात्र कधीपासून सोलत होती. कोवळी पानं, उन्हात तापलेली, रसानं भरलेली. रस मनगटावरून कोपराकडं ओघळत होता, जुन्या फोडांवरून. मला तिची पाठ दिसत होती. पाठ हलायची थांबली. माय हळूच म्हणाली, "गुरुजी, वाईच पानी द्या की वो. हात लई भाजून राहिले."

गुरुजी तिच्याजवळ वाकले. साहेबांना गंमत वाटावी म्हणून तोंडावर हसू ठेवून बोलले.

"चित्रातली बाई पाणी मागत न्हाई."

साहेबांनी ऐकलं. त्यांना खरंच गंमत वाटली. हातातला ग्लास हिंदकळेल एवढे हसले.

मायनं परत पाती उचलली.

मला आजही ते हसू ऐकू येतं. दुष्टपणाचं नव्हतं. खुशीचं होतं. घरात सगळं जागच्या जागी असलं की माणूस हसतो ना, तसं. पुस्तकातली बाई पुस्तकात, जमिनीवरची बाई जमिनीवर, पाणी ग्लासात.

सुनंदा अडकली. दुकानदाराच्या वाक्यापाशी तिला पुढची ओळ सापडेना. बोट फिरवत राहिली. सगळे वाट बघत होते. आणि ती ओळ माझ्या तोंडात होती. कितीतरी दिवसांपासून होती. मेक्सिकोला बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. हात धुतलेले नव्हते, हेही. मायला पानं पुरवताना तेही हिरव्या रसानं भरले होते.

मी पाठीमागचे हात पुढं घेतले.

तेवढंच केलं मी. लोक विचारतात, तुला धीर कुठून आला. धीर नव्हता. हात अवघडले होते. त्यांना कुठंतरी जायचं होतं. मी पिसं ओढून काढली, सुनंदाच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि वाचलं. दोन्ही हातांत धरून.

"दुकानदार म्हणाला, वर येऊ नकोस. दोर तिथंच ठेव आणि भाव सांग. मुलीच्या आईने दोर खांद्यावरून उतरवला नाही. ती म्हणाली, आधी माझं नाव विचारा. मग भाव विचारा."

पान संपलं. पण माझा श्वास संपला नव्हता. म्हणून मी पुढं वाचलं, त्याच सुरात, पुस्तकातून नजर न काढता:

"आणि तिला पाणी द्या."

साहेबांनी हातातल्या ग्लासाकडं बघितलं. गुरुजी ओरडले.

"हे पुस्तकात न्हाई! साहेब, हे पुस्तकात न्हाई!"

मला आज त्यांची दया येते. एवढं सगळं घडत होतं, आणि त्यांना काळजी पुस्तकाची. त्यांनी पुस्तक हिसकलं. पानावर माझ्या बोटांचे हिरवे ठसे उमटले होते. ते धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. पुसले तसे पसरले.

साहेबांनी विचारलं, "ही मुलगी कोण?"

"ही बोलणाऱ्यातली न्हाई साहेब. देखाव्यातली हाय," गुरुजी म्हणाले.

"पण वाचते छान," साहेब म्हणाले. कौतुकानं. पिंजऱ्यातला राघू बोलला तर म्हणतात तसं.

सरपंच उठून उभे राहिले. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "हिला हितं वाचायला बोलवलं कुनी?"

त्या प्रश्नाला उत्तर आलं. कुणाकडून आलं, काय आलं, ते शेवटी सांगते. मला शेवट राखून ठेवायची खोड आहे. शिवाय मधलं जे आहे ते गोड नाही, ते आधी संपवू.

मायला पाणी मिळालं नाही. आम्ही तिघं चालत वस्तीवर आलो. हापसा कोरडा होता. मायनं वाळलेल्या ओढ्यातली माती हातांवर घेतली आणि घासत बसली. मी शेजारी बसले. वाटलं होतं, जवळ घेईल. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाली, "गप उभी राहिली असतीस तर सांजंला कुनीतरी दिलं असतं पानी."

पेटीला कुलूप लागलं आणि ती लातूरला परत गेली. वाचनात गुरुजींनी मला त्या वर्षी पैकीच्या पैकी गुण दिले. पण पुन्हा कधी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. महिन्याभरात पंचायतीनं शाळेवर भोंगा बसवला. दवंडीची गरज उरली नाही. बाची हलगी खुंटीवर गेली. पुढं आम्ही नांदेडला आलो, पत्र्याच्या खोलीत. बा मोंढ्यात पोती उचलू लागला. तो आवाज पोत्याखाली दबला तो दबलाच. माय लोकांची भांडी घासायची. राखेनं तिचे हात पुन्हा सोलले. शेवटपर्यंत तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मरायच्या आधी एकदा म्हणाली, "तुझ्या एका पानापायी बाची हलगी गेली गं." खरंच गेली होती.

आता मी पुस्तकं घेऊन फिरते. मुखेड, कंधार, अहमदपूर, लातूरच्या झोपडपट्ट्या, जिथं एसटी जाते तिथं. पिशवीत जास्त करून तीच पुस्तकं, त्याच देशांची. मोठी झाल्यावर कळलं की त्या देशांतली कितीतरी माणसं पोटासाठी उत्तरेकडं, श्रीमंत अमेरिकेत गेली. दुसऱ्यांच्या शेतात टमाटे तोडायला, दुसऱ्यांची भांडी घासायला. आपल्याकडची माणसं कोयता घेऊन उसाला जातात तशी. त्यांना तिकडं लॅटिनो म्हणतात. त्यांच्या पोरांना शाळेत आपल्या आजीची, तिच्या बोलीची, तिच्या भाकरीची लाज वाटावी अशीच सोय असते. मग त्या लोकांनी पुस्तकं लिहिली. तान्ह्यांसाठी, शाळकऱ्यांसाठी, आजोबांसाठी. पोरगी पुस्तक उघडते आणि आत तिची आजी असते. पण ती देखाव्यात नसते. तिला नाव असतं. ती बोलते, चिडते, पाणी मागते.

हे मी वस्तीवस्तीत वाचून दाखवते. म्हाताऱ्या पुढं बसतात. तान्ही पोरं पान तोंडात घालतात. घालू दे. हात धुऊन या, असं मी कुणालाच म्हणत नाही. माझ्या पुस्तकांवर तेलाचे, हळदीचे, शेणाचे, सगळे ठसे आहेत. नवं कोरं पुस्तक दिसलं की मला वाईट वाटतं. त्याला अजून कुणी भेटलंच नाही.

मागच्या महिन्यात लातूरहून एका मोठ्या संस्थेच्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. लॅटिन अमेरिकी वारशाचा उत्सव आहे, सर्व वयोगटांसाठी. मी वाचन करावं. मी खूश झाले. मग त्या म्हणाल्या, "आणि ताई, तुमच्याकडची एखादी दोर वळणारी बाई मिळेल का? बाजूला नुसती बसवू. वातावरणनिर्मिती हो."

मानेला युरिया खाजला. शपथेवर सांगते, खाजला.

मग म्हणाले, "बाई येईल. खुर्चीवर बसेल, माझ्या शेजारी. तिचं नाव पत्रिकेत छापायचं, माझ्या नावाच्या वर. ती वाचेल, मी ऐकेन. आणि ती येण्याआधी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या भरलेला पाहिजे. हे जमणार नसेल तर मी नाही, माझी पुस्तकं नाहीत आणि उत्सवही होणार नाही. कारण मग मी फाटकाबाहेर उभी राहून वाचेन, आणि माझा आवाज माझ्या बाचा आहे."

त्या म्हणाल्या, कळवते. अजून कळवलेलं नाही. नाही कळवलं तरी मी जाणार आहे. तारीख मला माहीत आहे, फाटकही माहीत आहे.

माझ्या मायचं नाव चंद्रभागा. त्या दिवशी व्हरांड्यात एवढी माणसं होती, एकानंही तिचं नाव विचारलं नाही. आता मी जिथं जाते तिथं वाचायच्या आधी ते नाव घेते. ती मेली तरी घेते. मी मरेपर्यंत घेणार.

राहिला तो शेवट. सरपंचांनी विचारलं, हिला हितं वाचायला बोलवलं कुनी. मी पोत्यात उभी, हात रिकामे. साहेब ग्लासात बघत होते. आणि फाटकाबाहेरून तो आवाज आला, शेळ्यांच्या माना वळवणारा. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची वाक्यं ओरडत आलेल्या घरातून पहिल्यांदा स्वतःचं वाक्य निघालं. त्यालाही ते निघाल्यावरच कळलं असावं, कारण हलगीवरची काठी त्याच्या हातातून गळून पडली होती.

"म्या बोलवलं! दवंडीत समद्यांनी यावं म्हनलोय. माझी लेक समद्यात न्हाई का?"